सहा मुलांचा गट, पाऊण तासाची शिकवणी: आमच्या शाळेतल्या पूरक वर्गाविषयी

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या आमच्या गावात जिल्हा परिषदेची पाचवीपर्यंतची शाळा आहे. वाचनात आणि गणितात मागे पडलेल्या मुलांसाठी तिथे गेल्या वर्षापासून एक स्थानिक संस्था पूरक वर्ग चालवते. शाळा खोली देते, संस्था शिकवणारी ताई आणि साहित्य देते, पालकांकडून एक रुपयाही घेतला जात नाही. माझी धाकटी मुलगी चौथीत असताना या वर्गात होती, दिराचा मुलगा त्यात जेमतेम पोहोचला, आणि शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य या नात्याने मला वर्ग चालू असताना आत बसून तो पाहता आला. आजूबाजूच्या गावांतले पालक या वर्गाविषयी विचारतात, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. वर्ग चांगला आहे आणि आपल्या शाळेत मिळत असेल तर जरूर घ्यावा, हे आधीच सांगते. मात्र आमच्या भागाचे वर्ष ज्या क्रमाने चालते त्याच्याशी या वर्गाचे वेळापत्रक जुळत नाही, आणि ही त्रुटी किरकोळ नाही.

सुरुवात चाचणीने होते, पण ती लेखी नसते. ताई एकेका मुलाला व्हरांड्यात बोलावते, शेजारी सतरंजीवर बसवते आणि समोर एक कागद ठेवते. त्यावर सुटी अक्षरे, दोन-तीन अक्षरी शब्द, चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद आणि एक छोटी गोष्ट असते. मूल जिथे अडखळते ती त्याची पायरी. गणितातही तसेच: एक अंकी संख्या, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, भागाकार. ही पद्धत संस्थेने नव्याने काढलेली नाही. २००५ पासून देशाच्या ग्रामीण भागात होणाऱ्या 'असर' सर्वेक्षणात मुलांचे वाचन असेच घरोघरी जाऊन तपासले जाते, आणि त्यामागे ज्या 'प्रथम' संस्थेचे काम आहे ती १९९०च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांमध्ये उभी राहिली. चाचणीनंतर जे गट पडतात ते इयत्तेनुसार नसतात. माझ्या मुलीच्या पहिल्या गटात सहा मुले होती, त्यांत तिसरीची दोन, चौथीची तीन आणि पाचवीचा एक मुलगा होता, आणि सगळी शब्दांच्या पायरीवर होती. पाचवीतल्या मुलाच्या आईला हे प्रथम पटले नाही. 'माझ्या पोराला तिसरीत बसवलं का?' असे तिने समितीच्या बैठकीत विचारले, आणि मुख्याध्यापकांना तिला बराच वेळ समजावून सांगावे लागले.

चाचणी तोंडी आणि एकट्यात घेण्याचे महत्त्व मला एका मुलीमुळे कळले. तिसरीतली ही मुलगी वर्गात पाठ घडाघडा म्हणायची, पुस्तक हातात धरायची, ओळींवरून बोटही फिरवायची, आणि तिला वाचता येते याबद्दल गुरुजींना किंवा तिच्या घरच्यांना काडीचीही शंका नव्हती. ताईने त्याच पाठातले शब्द एका कोऱ्या कागदावर वेगळ्या क्रमाने लिहून तिच्यापुढे ठेवले. मुलीने पहिल्या शब्दावर बोट ठेवले, पाठाची पहिली ओळ म्हणायला सुरुवात केली, बोट दुसऱ्या शब्दावर गेले तेव्हा तोंडातला शब्द आणि बोटाखालचा शब्द यांचा मेळ बसेना, आणि ती थांबून ताईकडे पाहू लागली. तिला पाठ ऐकून पाठ झाला होता. 'काना' आणि 'मात्रा' यांतला फरक अजून कळलेला नव्हता. चाळीस मुलांच्या वर्गात, सगळी मुले एका सुरात पाठ म्हणत असताना, हे लक्षात येणे जवळजवळ अशक्य आहे.

यात शाळेच्या शिक्षकांचा दोष शोधणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार प्राथमिक शाळेत साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक मिळतात, म्हणजे आमच्यासारख्या गावात एका शिक्षकाकडे दोन किंवा तीन इयत्ता एकाच खोलीत असतात. त्यात पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणे, निवडणुकीची कामे. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये मात्र असेही म्हटले आहे की शिक्षकाने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहावी आणि गरज असेल तिथे जादा शिकवावे. म्हणजे पूरक शिकवणी ही संस्थेने केलेली मेहेरबानी नाही. ते शाळेचेच काम आहे, जे शाळेला माणसांअभावी जमत नाही आणि संस्था करते. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, आणि 'असर'च्या आकड्यांनुसार ग्रामीण भारतात पाचवीत असून दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०२२ मध्ये सुमारे ४३ टक्के आणि २०२४ मध्ये सुमारे ४९ टक्के होती. करोनानंतर सुधारणा झाली हे खरे, पण निम्मी मुले अजून अलीकडच्या तीरावरच आहेत. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधी आकडेमोड यावी यासाठी जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने २०२६-२७ हे लक्ष्यवर्ष ठरवले आहे. आमच्या शाळेच्या भिंतीवर त्याचा तक्ता सुबक रंगवलेला आहे.

आता प्रत्यक्ष शिकवण्याविषयी, कारण अभिप्रायात खरे महत्त्व त्याला आहे. एका गटाला पाऊण तास मिळतो, आठवड्यातून चार दिवस. गोलात बसतात, ताईही खालीच बसते. पहिली दहा मिनिटे गप्पा किंवा गोष्ट, मग वाचन, मग लिहिणे. गणिताच्या दिवशी साहित्य. साहित्य म्हणजे फार काही नाही: खराट्याच्या काड्या, रबरबँड, चिंचोके, अंकांची कार्डे, जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पाने. माझ्या मुलीला हातच्याची वजाबाकी येत नव्हती. ५२ मधून २८ वजा करायला सांगितले की ती ३४ किंवा ३६ असे काहीही उत्तर काढायची, बहुतेकदा ३६, कारण २ मधून ८ जात नाहीत म्हणून ती सरळ ८ मधून २ वजा करायची. शाळेत तिला हातचा घ्यायची रीत अनेकदा सांगितली गेली होती आणि तिला ती तोंडपाठही होती: 'शेजाऱ्याकडून एक उसना घ्यायचा.' ताईने रीत सांगितलीच नाही. तिने मुलीच्या हातात दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दिल्या आणि म्हणाली, 'यातल्या अठ्ठावीस मला दे.' मुलीने दोन गठ्ठे दिले, दोन सुट्या काड्या दिल्या, आणि थांबली. अजून सहा द्यायच्या होत्या आणि हातात फक्त बांधलेले गठ्ठे होते. ताई काहीच बोलली नाही. शेजारच्या मुलाला उत्तर सांगायची घाई झाली होती, त्याला तिने डोळ्यांनीच गप्प केले. बराच वेळ गठ्ठे हातात फिरवून झाल्यावर मुलीने एकाचे रबरबँड ओढून काढले, सहा काड्या मोजून दिल्या, उरलेल्या चार मांडीवर ठेवल्या आणि बांधलेले दोन गठ्ठे त्यांच्या शेजारी. 'चोवीस,' ती म्हणाली. त्यानंतरच ताईने तीच वजाबाकी वहीत मांडली आणि दशकाच्या घरातला ५ खोडून ४ का होतो हे विचारले, आणि मुलीने सांगितले की एक गठ्ठा सोडला.

असे थांबणे फक्त छोट्या गटात शक्य होते. मुलाने गठ्ठा सोडेपर्यंत वाट पाहायला वेळ लागतो, आणि तो वेळ मोठ्या वर्गात कोणाला देता येत नाही. घरी मी स्वतः तिला तीच वजाबाकी शिकवायला बसत असे तेव्हा चूलही पेटलेली असायची आणि माझा आवाज चढलेला असायचा.

तालुक्याच्या गावी खासगी शिकवण्या आहेत आणि आमच्याकडचे बरेच पालक सायंकाळी मुलांना टमटमने तिकडे पाठवतात. तिथे मी थोरल्याला पाठवले होते, म्हणून तुलना करता येते. त्या शिकवणीत तीस-पस्तीस मुले एका हॉलमध्ये बसतात, शाळेचा गृहपाठ करून घेतला जातो, फळ्यावरची उत्तरे वहीत उतरतात, आणि वह्या पाहून घरच्यांचे समाधान होते. ज्याला येते त्याला त्याचा उपयोग होतो; ज्याला येत नाही तो सुंदर अक्षरात उतरवून घेतो. मराठवाड्यात 'लातूर पॅटर्न'चे नाव घेतल्याशिवाय शिकवणीची चर्चा पूर्ण होत नाही, पण तो पॅटर्न दहावी-बारावीतल्या चांगल्या मुलांना आणखी चांगले करण्याचा आहे, आणि त्यात त्याने नाव कमावले हे मान्य करायलाच हवे. मागच्या बाकावरच्या मुलासाठी आपल्याकडे कधी कुठला पॅटर्न झाला नाही. लातूरला मुलगा डॉक्टर होण्यासाठी खोली करून ठेवणारे पालक आमच्याही गावात आहेत, आणि त्याच गल्लीत सातवीतल्या मुलाला एसटीवरची पाटी वाचता येत नाही.

या वर्गाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे गट कायम राहत नाहीत. साधारण महिन्याने ताई पुन्हा तीच तोंडी चाचणी घेते आणि मुले हलवते. जे मूल परिच्छेदावर पोहोचले ते पुढच्या गटात जाते, ज्याला सगळे येऊ लागले ते वर्गातून बाहेर पडते आणि त्याची जागा दुसऱ्याला मिळते. गटांना आकडे दिलेले नाहीत. मुलांनीच ठेवलेली नावे आहेत, त्यामुळे कोण वर आणि कोण खाली हे पोरांच्या तोंडी फारसे येत नाही. गट हलला नाही तर तो हळूहळू 'ढ मुलांचा वर्ग' होतो आणि मूल तो शिक्का घेऊन पाचवीतून बाहेर पडते. असा शिक्का बसलेले एक मूल आमच्या नात्यात आहे, त्यामुळे मी या बाबतीत जरा हट्टी आहे. शेजारच्या एका गावात दुसऱ्या कोणाचा तरी असाच वर्ग आहे, तिथे जूनमध्ये पाडलेले गट मार्चमध्येही तेच होते. तो वर्ग पाहून आल्यावर समितीने आमच्याकडे दर महिन्याच्या चाचणीची नोंद बैठकीत ठेवायची अट घातली, आणि संस्थेने ती विनातक्रार मान्य केली.

छोट्या गटातल्या शिकवणीने फरक पडतो का, याचा पुरावा बाहेरही बराच आहे. त्यातला सर्वांत प्रसिद्ध प्रयोग महाराष्ट्राशी संबंधित आहे, हे आपल्या लोकांना फारसे माहीत नसते. मुंबई आणि वडोदरा इथल्या महापालिका शाळांत 'बालसखी' म्हणून वस्तीतल्याच तरुण मुली नेमल्या गेल्या. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा ते वीस मुले त्या रोज दोन तास वेगळी घेऊन बसत. या कामाची मोजणी ज्या अर्थतज्ज्ञांनी केली त्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह नोबेल मिळाले. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांचे गुण वाढले आणि सर्वांत जास्त फायदा तळाच्या मुलांना झाला. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: बालसखीकडे काही मुले गेल्यामुळे मूळ वर्गातली गर्दी कमी झाली, तरी तिथे मागे राहिलेल्या मुलांना त्याचा म्हणावा असा लाभ झाला नाही. म्हणजे संख्या कमी केली की आपोआप शिकणे वाढते असे नाही. मुलाच्या पायरीवर येऊन कोणीतरी शिकवावे लागते. आमच्या भागातल्या पटसंख्येवरून चालणाऱ्या वादांत दोन्ही बाजूंनी हे लक्षात घेतले तर बरे होईल.

दोषही आहेत, आणि ते मी संस्थेला आणि शाळेला तोंडावर सांगितलेले आहेत. सुरुवातीला गटांना खेळाच्या तासाला बसवले जाई. गणिताच्या तासातून मुले उठवली तर त्यांचा पाठ बुडतो, म्हणून खेळाचा तास, असा तो विचार होता. बाहेर मैदानावर लंगडी आणि खो-खो चालू असताना आत सहा मुलांनी 'कमळ' वाचायचे, याला कोणतेही मूल शिक्षाच समजणार, आणि तसेच झाले. दोन मुलांनी तर सकाळी पोट दुखते म्हणून शाळाच टाळायला सुरुवात केली. समितीने आग्रह धरल्यावर वेळ बदलून गट सकाळी परिपाठानंतर बसू लागले आणि त्या वेळेत उरलेल्या वर्गाचेही वाचनच घेतले जाऊ लागले, म्हणजे कोणाचे काही बुडत नाही. ज्या शाळेत हा वर्ग नव्याने सुरू होणार आहे तिथे हे पहिल्या दिवशीच ठरवून घ्यावे.

दुसरा दोष ताईच्या मानधनाचा. शिकवणारी मुलगी आमच्याच पंचक्रोशीतली, डी.एल.एड. म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका झालेली, शिक्षक भरतीची वाट पाहणारी. तिला मिळणारे पैसे इतके कमी आहेत की दिवाळीनंतर तिला एका शहरातल्या खासगी शाळेत नोकरी मिळाली आणि ती गेली. तिला बोल लावायला कोणाची जीभ धजणार नाही. नवी ताई येईपर्यंत वर्ग बंद राहिला, आणि नवीन ताईला मुलांच्या पायऱ्या जुन्या वहीतून समजून घेण्यात आणखी वेळ गेला. पहिली ताई पोरांचे इतके अचूक टिपण ठेवायची की कोणाला रफार येत नाही आणि कोण 'ष' आणि 'श' एकच समजतो हे पानावर होते; दुसरीने ते वाचले म्हणूनच घडी परत बसली. ज्या वर्गाचा सगळा भार एका माणसावर आहे तो त्या माणसाबरोबर जातो, त्यामुळे संस्थेने दर वर्गाला एक राखीव ताई तयार ठेवली पाहिजे.

तांड्यावरच्या मुलांबाबत मात्र या वर्गाने शाळेला मागे टाकले. आमच्या शाळेत लमाण तांड्यावरून मुले येतात, त्यांच्या घरी गोरमाटी बोलली जाते, आणि पहिलीत ती मराठीच्या पुस्तकापुढे बसतात तेव्हा त्यांना अर्धेअधिक शब्द परके असतात. दुसरी ताई स्वतः तांड्यावरची असल्यामुळे ती गोष्ट आधी गोरमाटीत सांगून घेते, चित्रावर त्यांच्या भाषेत बोलू देते, आणि मग मराठी शब्द त्यावर ठेवते. त्यातला एक मुलगा वर्गात कधी तोंड उघडत नसे. एके दिवशी मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत तो पोत्यावरचा छापील मजकूर मोठ्याने वाचत होता आणि मागच्या पोराला सांगत होता, 'हे जोडाक्षर हाय, थांब.' नांदेडच्या देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उमरगा-निलंग्याकडे कन्नड, आणि गावोगाव दखनी बोलणारी घरे; मराठवाड्यात हा प्रश्न एकट्या तांड्यांचा नाही.

आता मुख्य तक्रार. संस्थेचा वर्ग ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि फेब्रुवारीच्या अखेरीस संपतो. पुण्या-मुंबईत बसून हे वेळापत्रक अगदी योग्य दिसेल: जुलैत प्रवेश आणि चाचण्या, पुढे सहा-सात महिने शिकवणे, मार्च-एप्रिल परीक्षांसाठी मोकळा. आमच्या तालुक्यात दसरा-दिवाळी झाली की कोयते निघतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असते, ट्रक आणि ट्रॅक्टर गावात येतात, नवरा-बायकोची जोडी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जाते आणि लहान मुले बरोबर जातात. काही जण आजीजवळ राहतात. हंगामी वसतिगृहाची योजना आहे आणि ज्या वर्षी ती वेळेवर सुरू होते त्या वर्षी बरीच मुले गावात थांबतात, ज्या वर्षी मंजुरी डिसेंबरात येते त्या वर्षी मुले ऑक्टोबरातच गेलेली असतात. कारखान्यांचा हंगाम आटोपून माणसे परत येतात ती मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे ज्या मुलांना या वर्गाची सर्वांत जास्त गरज आहे ती तो सुरू होऊन अंगी लागायच्या आत निघून जातात, आणि परत येतात तेव्हा तो संपलेला असतो.

दिराचा मुलगा याचे उदाहरण. तो तिसरीत होता, ऑगस्टमध्ये अक्षरांच्या पायरीवर होता, ऑक्टोबरच्या चाचणीत शब्द वाचू लागला होता. पुढचे पाच महिने त्याने उसाच्या फडात वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा केले आणि धाकट्या बहिणीला सांभाळले. पाडव्याच्या सुमारास परत आल्यावर त्याला ताईने केवळ कुतूहलापोटी पुन्हा तपासले. अर्धी अक्षरे गेली होती. वर्ग बंद होता, मार्चचे मानधन ठरलेले नव्हते, त्यामुळे ती त्याला काही शिकवू शकली नाही. एप्रिलमध्ये तो चौथीत गेला. पुढच्या दसऱ्याला तो पुन्हा जाणार.

यावर उपाय काय, हे विचारताना मला बिहारमधला एक अनुभव फार उपयोगी वाटतो. तिथे २००८ च्या उन्हाळ्यात सरकारी शिक्षकांनीच सुट्टीतील वाचन शिबिरे घेतली, पातळीनुसार गट पाडून, आणि मुलांच्या वाचनात स्पष्ट फरक पडला. तेच शिक्षक, तेच साहित्य, पण शाळा सुरू झाल्यावर नेहमीच्या वेळापत्रकात ही पद्धत रुजली नाही, कारण अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई असते आणि वेगळा वेळ कोणी राखून ठेवत नाही. हरियाणात नंतर दिवसातला एक तास यासाठी स्वतंत्र ठेवला आणि त्यावर देखरेख ठेवली तेव्हा भाषेत फायदा दिसला. उन्हाळी शिबिराचा हा मार्ग आमच्या भागाला जणू मापाने शिवल्यासारखा आहे. एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत ऊसतोडीची सगळी मुले गावात असतात. ऊन कडक असते, विहिरी आटलेल्या असतात, टँकरच्या रांगेत मुलांनाच उभे राहावे लागते, हे सगळे खरे. म्हणून वर्ग सकाळी सात ते साडेनऊ असावा, पाण्याचा माठ भरलेला असावा आणि थोडा खाऊ असावा. महाराष्ट्राने जुलै-ऑगस्ट २०२१ मध्ये पंचेचाळीस दिवसांचा 'सेतू अभ्यास' राबवला, त्यामुळे कमी दिवसांत मागचे भरून काढण्याचे काम आपल्या यंत्रणेला नवीन नाही. संस्थेला हे मी लेखी दिले. त्यांनी उत्तर दिले की देणगीदारांचे वर्ष मार्चला संपते आणि एप्रिल-मेचा खर्च कोणत्याच वर्षात बसत नाही. ऊस मात्र देणगीदारांचे आर्थिक वर्ष पाहून पिकत नाही.

वर्ग कोणासाठी नाही हेही पालकांना माहीत असावे. माझ्या मुलीच्या गटातली एक मुलगी चार आठवडे होऊनही पुढे सरकत नव्हती. ताईने तिला कागद जवळ-दूर धरून वाचायला लावले आणि तिच्या घरी सांगितले की डोळे तपासा. तिला चष्मा लागला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते, पण त्या दिवशी मूल गैरहजर असेल तर ते राहून जाते. दुसरा एक मुलगा सर्व प्रयत्न करूनही अक्षरे उलटी वाचायचा. त्याला ताईने आपल्याजवळ अडकवून न ठेवता तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकाकडे पाठवले. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे, आणि अशा मुलाला परीक्षेत मिळणाऱ्या सवलतींसाठी प्रमाणपत्र लागते. ते काम छोट्या गटातली ताई करू शकत नाही, तिने तो मार्ग दाखवला तरी पुष्कळ.

शाळेच्या वर्गशिक्षकांशी या वर्गाचा जितका संबंध असायला हवा तितका नाही. माझ्या मुलीच्या वहीत पूरक वर्गाचे एक पान आणि वर्गाचे दुसरे पान एकमेकांशी बोलत नव्हते: इकडे ती दोन अंकी वजाबाकी काड्यांनी करत होती, त्याच आठवड्यात तिकडे चार अंकी गुणाकार चालू होता. महिन्याच्या चाचणीनंतर ताई आणि गुरुजी अर्धा तास एकत्र बसले तरी बरेच सुधारेल. जागेबद्दल फारसे बोलत नाही. पोषण आहाराच्या कोठीशेजारची खोली आहे, तांदळाची पोती आणि उंदीर यांच्यासह, पण भिंत पांढरी आहे आणि पंखा चालतो.

ज्या गावच्या समितीपुढे असा वर्ग घेण्याचा प्रस्ताव येईल तिने संस्थेला गट किती मुलांचा, चाचणी दर महिन्याला होते की नाही, गट बदललेल्या मुलांची नोंद पालकांना दाखवता का आणि ताई सोडून गेली तर दुसरी किती दिवसांत येईल हे विचारून घ्यावे. ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या समितीने त्याआधी एप्रिल-मेबद्दल विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे. आमची पुढची बैठक याच विषयावर आहे. माजलगाव, केज, धारूर, पाटोदा अशा तालुक्यांतल्या ज्या समित्यांना एकत्र मागणी करायची असेल त्यांनी त्यांच्या केंद्रप्रमुखांमार्फत जानेवारी संपायच्या आत अर्ज द्यावा, कारण पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक फेब्रुवारीत ठरते, असे संस्थेच्या कार्यकर्त्याने मला सांगितले आहे.